उंदराला थंडी वाजते हो!

शुक्रवारी ऑफिसच्या एसीत गारठून वर्तकनगर नाक्यावर उतरलो. अंगात स्वेटर, बाहेर घामाच्या धारा. लोक बघतायत! पण मला निदान स्वेटर तरी आहे. प्रयोगशाळेतल्या उंदरांना साधारण ३० अंश मानवतात आणि त्यांना ठेवतात २२ च्या आसपास. का? तर कोट घातलेल्या माणसांना उकडू नये म्हणून.

हा नुसता भूतदयेचा मुद्दा नाही मंडळी. २०१३ मध्ये अमेरिकेत बफेलोच्या रोझवेल पार्कमधल्या संशोधकांनी उंदीर ३० अंशांत ठेवून पाहिले, तर कॅन्सरच्या गाठी हळू वाढल्या. म्हणजे थंडीत प्रतिकारशक्तीच दबलेली! टेस्टिंगचा सर्व्हरच गंडलेला असेल तर त्या रिपोर्टला कोण विचारतो? रिकाम्या पिंजऱ्यात तासन्‌तास गज चावणारा उंदीर 'नॉर्मल' कसा? आपल्या खारघरलाही टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये उंदरांवर कॅन्सरचं संशोधन चालतं, तेव्हा हे लांबचं दुखणं नाही.

'खर्च वाढेल' म्हणे. अहो, मूठभर कागदाच्या पट्ट्या टाका, उंदीर आपलं घरटं आपण बांधतो आणि ऊब धरतो. लाखांचा मायक्रोस्कोप घेताना आडवं न येणारं बजेट नेमकं कागदालाच कसं आडवं येतं?