चव हाताची, भिस्त डब्याची

घरून जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणीच्या हाताला कितीही चव असो, रस्सा वाटेत पिशवीत सांडला की गिऱ्हाईक तुटलेच! म्हणून डबे घाऊक घेण्याआधी दोन-चार नमुने आणावेत. त्यांत गरम रस्सा भरून, झाकण लावून तासभर आडवे ठेवून पाहावेत.

कोरड्या फराळाला पुठ्ठ्याचा खोका पुरतो. भात, सुकी भाजी यांना उसाच्या चिपाडाच्या लगद्याचे डबे चांगले. पोळ्या निवल्यावरच बांधाव्यात, नाहीतर वाफेने ओलसर होतात. चिंच-कोकमाची आमटी अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात भरू नये. आंबटामुळे धातू अन्नात उतरतो. वडे वर्तमानपत्रात बांधणे तर नकोच. शाई अन्नाला लागते आणि २०१८ च्या नियमांनी त्यास मनाईही केली आहे. प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या, पेले यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

रोजच्या गिऱ्हाइकांसाठी स्टीलचा डबाच बरा. प्रत्येकी दोन डबे ठेवून अनामत घ्यावी. आजचा भरलेला देताना कालचा रिकामा परत आणावा. एकदाच वापरायच्या डब्याची किंमत मात्र ताटाच्या दरात आधीच धरावी. नाहीतर चार पैसे मिळवायला मांडलेल्या चुलीची कमाई डब्यांतच जाते.