नातवाला गळ, नातीला काय?

मैत्रिणींनो, मागच्या उन्हाळ्यात मी माझ्या सात वर्षांच्या नातवाला मन्याडच्या डोहावर गळ टाकायला शिकवलं. येणाराजाणारा थांबून कौतुक करायचा, "भोयाचं पोरगं हाय, रक्तातच असतंय." या उन्हाळ्यात लेकीची लेक आली. वय तेच, डोह तोच, काठीसुद्धा तीच. तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक बाई दारात येऊन उभी. "काय ओ मावशी, पोरीच्या जातीला हे काय शिकवायलाव?"

म्हणजे रक्त फक्त पोराच्याच अंगात असतं म्हणायचं!

शिकवायला लागतं तरी काय? बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, बारका गळ, शिशाचा तुकडा आणि तरंगायला ज्वारीच्या धाटाचं भेंड. गळाला गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. ऊन चढायच्या आत कडेला बसायचं, आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. भेंड नुसतं थरथरलं तर हात हलवायचा नाही. ते बुडालं की मनगटाने हलका झटका द्यायचा. जोरात ओढलं तर गळ माशाचं तोंड फाडून सुटतो. मिशावाला मासा लागला तर कल्ल्यामागचा काटा सांभाळायचा. बोटभर पिल्लू परत सोडायचं. आणि पोहता येईपर्यंत गुडघ्याच्या वर पाण्यात उतरायचं नाही. हे शेवटचं मी दोघांनाही सारखंच बजावलं. पाणी काही मुलगा-मुलगी बघून बुडवत नाही. पोरीची एवढी काळजी असेल तर तिला पोहायला शिकवा ना!

मी स्वतः गळ शिकले ते भावाच्या काठीवर, आईची नजर चुकवून. जाळं ओलांडू नको, विटाळ होतो, हे मात्र मला उघडपणे शिकवलं गेलं. मासा पाण्यात असेपर्यंत पुरुषाचा. तो काठावर आला की बाईचा. खवले काढणं, टोपलं डोक्यावर घेऊन बाजार गाठणं, उन्हात बसणं, भावावरून भांडणं, उधारी वसूल करणं हे सगळं आमचं. आणि "मच्छीमार" कोण, तर तो.

हा नुसता शब्दाचा वाद नाही. आमच्या भागात लिंबोटीचं धरण आहे, बारूळचं आहे, कंधारला राष्ट्रकूटांच्या काळाचं नाव सांगणारा जगत्तुंग तलाव आहे. पाण्याचा तुटवडा सोसणाऱ्या मराठवाड्यात अशा पाण्यावर हक्क असणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! तलावाचा ठेका मच्छीमार संस्थांना मिळतो आणि संस्थेत सभासद व्हायचं तर माणूस क्रियाशील मच्छीमार असावा लागतो. अशाच एका संस्थेच्या कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. विचारलं, "जाळं टाकता का?" चाळीस वर्षं मासे विकते म्हटलं, तर समोरचे हसले. बघा कसं जमवलंय. सात वर्षांच्या पोरीला पाण्यापासून हाकलायचं आणि ती पन्नाशीची झाली की म्हणायचं, तुला कुठे मासे धरता येतात?

सरकारी कागदावर आम्ही आहोत. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के अनुदान, तर बाईला ६० टक्के. २०२५ साली राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. पण शेतीत बाईचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. राबणारी ती आणि शेतकरी तो. आता पाण्यातही तेच होणार असेल, तर त्या ६० टक्क्यांपायी बाईचं नाव अर्जावर येईल आणि अंगठ्याची शाई वाळायच्या आत पैसा दुसऱ्याच्या हातात जाईल.

आपल्या संघटनांनाही दोन शब्द ऐकवते, राग मानू नका. इतकी वर्षं शिबिरं घेतो. शिलाई मशीन, पापड, लोणची, मेणबत्त्या. जे घराच्या उंबऱ्याच्या आत बसून करता येतं तेच आपणही बाईच्या हातात देतो. आणि मी पोरीला गळ देते म्हटलं, तर आपल्यातलीच एक शिकलेली मैत्रीण म्हणाली, "तिला परत जातीच्या धंद्यात कशाला ढकलता? शाळा शिकू द्या." प्रश्न खोटा नाही. जातीचा धंदा गळ्यात बांधून घ्यावा असं मीही म्हणत नाही. नात शाळेत जातेच, पहिला नंबर काढते. पण हाच प्रश्न नातवाबद्दल तुम्ही मागच्या वर्षी का नाही विचारलात? आणि डोहावर जातीचं दार कुठे आहे? मातंगवाड्यातली तिची मैत्रीणही आता रोज सोबत येते. दोघी मिळून गांडुळं उकरतात, आणि कुणाचं गांडूळ मोठं यावरून भांडतात.

पाचव्या दिवशी नातीला पहिली चिलापी लागली, तळहाताएवढी. "मला धरायला दे," म्हणून नातू मागे लागला, पण तिने घरापर्यंत दिली नाही. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचारते, "आज्जी, आता जाळं कधी टाकायचं?"

जाळं टाकायला मला येत नाही. कुणी शिकवलंच नाही. तिच्या मामाला विचारलंय. अजून तो हो म्हणाला नाही.