हेमंतातील सुख आणि आपली चिठ्ठी

मार्गशीर्ष लागला की नाशिककरांच्या बोलण्यात पारा येतो. निफाडजवळील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमानाची नोंद वृत्तपत्रांतून झळकू लागते. ती पाच अंशांच्या आसपास उतरली की बागाईतदार भल्या पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून धूर करतात, मणी तडकू नयेत म्हणून. आणि आपल्या चिकित्सालयांत व औषधी दुकानांत दर्शनी फळी मोकळी करून तिच्यावर च्यवनप्राशाच्या बरण्यांचा मनोरा रचला जातो. ही तिसरी खूण आपल्या व्यवसायाची असल्यामुळे तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

आमचा आक्षेप बरणीवर नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाध्यायाच्या पहिल्याच पादात, पाचशे आवळ्यांचा हा कल्प आला आहे. त्याची थोरवी वैद्यबंधूंना नव्याने सांगणे नलगे. दुकानदार बंधूंच्या वर्षभराच्या उलाढालीतही या दोन महिन्यांचा वाटा मोठा असतो, आणि घरसंसार सर्वांनाच आहे. प्रश्न इतकाच की, हेमंत ऋतूत रुग्णाला देण्यासारखे आपल्याजवळ एवढेच उरले आहे काय?

सूत्रस्थानातील सहावा अध्याय या दृष्टीने पुन्हा उघडून पाहावा. थंडीने कोंडलेला अग्नी या दिवसांत प्रबळ होतो, त्याला पुरेसे इंधन मिळाले नाही तर तो देहातील रसालाच जाळू लागतो आणि वायू प्रकोप पावतो, ही उपपत्ती आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केली. पण तिच्यापुढे आचार्य जे सांगतात ते परीक्षेच्या धांदलीत मागे पडते. अंगाला तेल, मस्तकाला तेल, उटणे, कोवळे ऊन, उबदार गर्भगृह, जाड पांघरूण, स्निग्ध व उष्ण भोजन, नवे तांदूळ, दूध, उसाचे पदार्थ, ऊन पाणी, इतकेच नव्हे तर प्रिय व्यक्तीचा सहवास! हा औषधांचा गण नव्हे. ही सुखाची यादी आहे, आणि ती शास्त्राने विधी म्हणून सांगितली आहे. चरकाचार्यांनी आरोग्यालाच ‘सुख’ ही संज्ञा दिली, ती उगाच नव्हे.

सुमारे २०१६ पासून डेन्मार्कमधील हिवाळी ऊबदारपणाच्या कल्पनेवर इंग्रजीत पुस्तकांची लाटच आली: मेणबत्त्या, लोकरीचे मोजे, गरम पेय, चार जिवलग. त्या लोकांना त्याची निकड आहेच. डिसेंबरात कोपनहेगनला जेमतेम सात तासांचा दिवस मिळतो. तिकडच्या अंधाऱ्या हिवाळ्यात येणाऱ्या खिन्नतेचे वर्णन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये एक स्वतंत्र विकार म्हणून केले. नाशिकचा लहानात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा असतो. ऊन आपल्या अंगणात फुकट पडते. मात्र अंगण राहिले नाही, आणि गंगापूर रोडवरील सातव्या मजल्याच्या सदनिकेतील आजीबाई दिवसचे दिवस उन्हात येत नाहीत. त्यांच्या सांधेदुखीसाठी आपण गुग्गुळाचा कल्प लिहितो, लिहावाच. पण सकाळी नऊनंतर अर्धा तास गच्चीवर पाठीवर ऊन घ्यावे, आणि तेही एकटीने नव्हे, शेजारणीला बोलावून, हे चिठ्ठीवर लिहिण्यास आपला हात का कचरतो?

कारण उघड आहे आणि ते आपसांत बोललेले बरे. उन्हात बसण्याचा सल्ला ऐकून रुग्ण पैसे देत नाही, अशी भीती आपल्याला वाटते. सल्ला तोंडी दिला तर तो हवेत विरतो, आणि पुडी हातात पडल्यावाचून चिकित्सा झाली असे रुग्णालाही वाटत नाही. आमचे निरीक्षण निराळे आहे. ऋतुचर्या रुग्णाच्या घरच्या भाषेत सांगितली तर ती त्याला परकी वाटत नाही. उलट आजी सांगत होती ते खरे होते, याचा त्याला आनंद होतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांगी, हरभरा, गाजर, वालपापडीची मिसळभाजी, तिळाचे उटणे लावून न्हाणे, हे सारे हेमंतचर्येचेच घरगुती रूप होय. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपले लोक म्हणतात ते काही थट्टेने नव्हे. प्रश्न एवढाच की भोगी एक दिवसाची आणि थंडी दोन-अडीच महिन्यांची. वर्षातून एकदा नरकचतुर्दशीला तेल लागते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत बाटली कपाटात खवट होते, अशी घरे आपल्या परिचयात थोडी नाहीत.

आता ज्यांच्यासाठी मुख्यतः लिहावेसे वाटले त्यांच्याकडे वळू. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडील मजूर कुटुंबे या दिवसांत निफाडच्या द्राक्षपट्ट्यात कामाला उतरतात. ऑक्टोबरातील छाटणीनंतर विरळणी, डिपिंग, मग खुडा. थंडी वाढते तशी कामेही वाढतात. पहाटेच्या दंवात ओल्या मातीत अनवाणी उभे राहायचे आणि रात्री पालात झोपायचे. आचार्यांचे गर्भगृह त्यांनी कोठून आणावे? अशी बाई टाचेची भेग रक्ताळली म्हणून दवाखान्यात येते, तेव्हा तिला महागडा मलम आणि रसायनाची बरणी सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पायांची रूक्षता, स्तब्धता आणि भेगा यांवर पादाभ्यंगाचे फल चरकांनी स्पष्ट सांगितले आहे. वाग्भटांनी तर हेमंतचर्येत युक्तीने ऊन घेण्याबरोबर नित्य पादत्राण वापरण्याची आज्ञा केली. रात्री ऊन पाण्यात पाय शेकून, पुसून, चमचाभर तीळतेल जिरवावे, वर जुने मोजे चढवावेत. सकाळी बागेत शिरताना पायांत काहीतरी असावे. तीळतेल परवडत नसेल तर तिच्या गावाकडचे खुरासणीचे तेल आहेच. नागलीची ऊन ऊन भाकरी आणि खुरासणीची चटणी तिला ठाऊक आहे. तेच तिने येथेही करावे आणि पोटभर खावे, एवढे आपण सांगितले म्हणजे त्या अन्नाला मान मिळतो. या ऋतूत अर्धपोटी राहणे शास्त्राला मान्य नाही, ही गोष्ट बागाईतदार रुग्ण समोर बसला असता त्याच्याही कानावर घालावी. शेकोटी द्राक्षासाठी पेटते तशी माणसांसाठीही पेटायला हरकत नसावी.

सुखाच्या नावाखाली अविचार मात्र नको. कफप्रधान अवस्था, अजीर्ण, नुकतेच झालेले शोधन, नवज्वर यांत अभ्यंग वर्ज्य आहे, हे सांगितल्याशिवाय तेल सांगू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्याने विषारी वायूने माणसे दगावतात. खिडकी किलकिली ठेवा, झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा, हे प्रत्येकाला बजवावे. थंडीत रक्तदाब चढतो व हृद्रोगाचे झटके वाढतात. म्हणून पहाटे पाचला गोदाकाठी फिरायला जाण्याचा किंवा रामकुंडात बुडी मारण्याचा हट्ट हृद्रोगी ज्येष्ठांनी सोडावा, सूर्य वर आल्यावर जावे. मधुमेही रुग्णाला च्यवनप्राश देताना त्यातील साखरेचा हिशेब करावा लागतोच. डिंकाच्या लाडवाचाही करावा, भले तो सुनेने प्रेमाने केलेला असो.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. चांगले, खवट नसलेले तीळतेल लहान बाटल्यांतून, मजुराला परवडेल अशा मापात ठेवावे. त्यात नफा थोडा, हे आम्ही जाणतो. पण महिनाभर रोज तेल लावणारे गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढते, आणि बरणी मात्र कोठेही मिळते.

संघटनेसाठीही एक सूचना आहे. पुढील मार्गशीर्षापूर्वी अर्ध्या पानाची हेमंतचर्या सोप्या मराठीत, मोठ्या टायपात छापून सर्व सभासदांना द्यावी. तेल केव्हा व कोणी लावू नये, ऊन किती घ्यावे, काय खावे, शेगडी कशी वापरावी, पाय कसे जपावेत, एवढाच मजकूर पुरे. चिठ्ठीला ती टाचणीने जोडता यावी. छपाईचा खर्च दुकानदार बंधूंनी उचलल्यास त्यांनी आपला शिक्का खाली जरूर मारावा. कागदावर कोणत्याही अवलेहाचे नाव मात्र नको.