वठलेलें झाड आणि परदेशस्थ मालक

बारामती-इंदापूरकडील पुष्कळ घरांत आज वृद्ध माणसें एकटींच राहतात. मुलेंबाळें परदेशीं असतात. अशा घराच्या परसांतील चिंच वठली, म्हणजे ती अंगावर कोसळण्याचें भय वृद्धांस व शेजाऱ्यांस, आणि मालकाची सही मात्र सातासमुद्रांपलीकडे!

झाड मेलें तरी तें तोडण्यास परवानगी लागते, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. दोन्ही गांवीं नगरपरिषदा आहेत. त्यांच्या हद्दींत १९७५ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा लागू असून अर्ज तेथील वृक्ष अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. शेतांतील आंबा, चिंच, जांभूळ इत्यादि झाडांस १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा लागतो. झाड मृत किंवा धोक्याचें आहे अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास परवानगी नाकारूं नये, असें १९७५ च्या कायद्यांतच सांगितलें आहे.

खरी अडचण झाडाची नसून अर्जदाराची असते. सातबाऱ्यावर अथवा मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेंच नांव असेल, तर अर्ज कोणीं करावा? यास्तव वारसांची नोंद आधीं करून घ्यावी. परदेशस्थ मालकानें घरच्या विश्वासू माणसाच्या नांवें मुखत्यारपत्र करून तें तेथील भारतीय वकिलातींत साक्षांकित करावें व महाराष्ट्रांत पोंचल्यापासून ३ महिन्यांच्या आंत त्यावरील मुद्रांकशुल्क भरावें. झाडासंबंधीं अर्ज करण्याचा अधिकार त्यांत स्पष्ट लिहावा.

हीं कामें चिंच हिरवी असतांनाच उरकावीं. वळवाचा वारा सुटल्यावर कागद गोळा करीत बसण्याची पाळी घरच्या वृद्धांवर येऊं देऊं नये.