डावा हात राखून ठेवा

काही शब्द आपल्या घरांत हळू आवाजात उच्चारायची पद्धत आहे. कॅन्सर त्यातला एक. डायलिसिस दुसरा. 'त्यांना आता डायलिसिसवर टाकलंय' असं म्हणताना लोकांचा आवाज असा काही खाली जातो, की समोरच्याने पुढे काही विचारूच नये. 'टाकलंय' हे क्रियापदही बघा ना!

तुम्ही म्हणाल, वीकेंडला कुठे जायचं आणि नवीन कॅफे कुठे उघडलाय ते सांगायचं सोडून ही बया आज किडनीत कुठे शिरली? सांगते. गेल्या वर्षभरात माझ्या ग्रुपमधल्या तिघांच्या फोनवर गावाहून एक पीडीएफ आली. बाबांचा किंवा आईचा लॅब रिपोर्ट. त्यात सीरम क्रिएटिनिन ठळक अक्षरांत. पाठोपाठ मेसेज, 'डॉक्टर किडनीच्या स्पेशालिस्टला दाखवा म्हणतायत, पुण्यात कोण चांगलं आहे रे?' मग हिंजवडीत नाहीतर खराडीत बसून आपण शोधाशोध करतो, अपॉइंटमेंट घेतो, ऑफिसात हाफ डे टाकतो. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर सगळ्या खानदानाच्या वतीने एकच प्रश्न विचारतो : डायलिसिस लागणार नाही ना?

या प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देणार, बिचारे! 'बघू, सध्या तरी नको' म्हणतात. आपण हुश्श करून वैशालीत डोसा खाऊन घरी. खरं विचारायला हवं ते हे, की लागणार असेल तर साधारण कधी आणि तोपर्यंत आम्ही काय काय करून ठेवायचं?

आधी थोडं गणित. आपण सगळे क्रिएटिनिनच्या आकड्याला धरून बसतो. पण किडनी किती काम करतेय ते सांगणारा आकडा वेगळाच, ईजीएफआर. तो क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढतात. क्रिएटिनिन दोन असलेल्या पंचविशीतल्या मुलाचा ईजीएफआर पंचेचाळीसच्या आसपास येतो. तेच दोन सत्तर वर्षांच्या आजीचं असेल तर सव्विसाच्या आसपास! म्हणजे 'दोनच तर आहे' हे आजीच्या बाबतीत अजिबात खरं नाही. तीसच्या खाली आलं की चौथी स्टेज, पंधराच्या खाली पाचवी. तयारीला लागायचं ते चौथ्या स्टेजमध्ये. आणि गोची अशी की चौथ्या स्टेजमध्ये बरेचदा माणूस हिंडता-फिरता असतो, मंडईतून भाजी आणतो, त्यामुळे घरात कुणाला काही वाटतच नाही. उलट्या, अंगाला खाज, पायावर सूज, अन्नावरची वासना जाणं, हे सगळं बरंच उशिरा सुरू होतं.

तयारी म्हणजे मुख्यतः एक छोटं ऑपरेशन. त्याचं नाव फिस्टुला. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीतलं जोरदार रक्त शिरेत यायला लागतं, शीर फुगते, जाड होते आणि आठवड्यातून तीनदा दोन-दोन जाड सुया सहन करायला तयार होते. ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये जगापुढे मांडली, आणि इतक्या वर्षांनंतरही डायलिसिससाठी बहुतेकांना हीच पहिली पसंती. अडचण एवढीच की ती तयार व्हायला वेळ लागतो. दीड-दोन महिने, कधी तीन. काहींची पहिल्या फटक्यात चालत नाही, पुन्हा करावी लागते.

आणि तयारी नसेल तर? मग एका रात्री दम लागतो, पोटॅशियम वाढलेलं असतं, इमर्जन्सीत नेतात आणि मानेतल्या मोठ्या शिरेत कॅथेटर घालून डायलिसिस सुरू होतं. जीव वाचतो, पण कॅथेटरमधून रक्तात इन्फेक्शन जाण्याचा धोका फिस्टुलापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय घरच्यांच्या डोक्यात डायलिसिसची पहिली आठवण ही अशी आयसीयूतली बसते. मग 'डायलिसिसने माणूस खचला' अशी ख्याती पसरते. खचवलेलं असतं त्या रात्रीने.

मध्यंतरी शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये अशा पेशंट आणि नातेवाइकांसाठी दर महिन्याला होणाऱ्या मीटिंगला मी जाऊन बसले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा (पेशंटना अर्धा कप, मोजून!) आणि समोर एक सिस्टर. स्लाइड-बिइड काही नाही. त्यांनी पहिल्याच रांगेतल्या काकांना विचारलं,

"काका, तुम्ही जेवता कुठल्या हाताने?"

"उजव्या. का हो?"

"मग आजपासून डावा हात कुणाला द्यायचा नाही. रक्त काढायला नाही, सलाईनला नाही, बीपी मोजायला पण नाही. कुणी सुई घेऊन आलं तर सांगायचं, हा हात राखून ठेवलाय."

काका हसले. म्हणाले, "सिस्टर, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसंच की!"

सगळे हसले. पण मला वाटतं त्या दिवसभरात सांगितलेलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर हेच. ज्या शिरेची पुढे फिस्टुला व्हायची, तीच शीर अ‍ॅडमिट असताना सलाईन लावून लावून खराब झालेली असते. हे टाळायला एक पैसा लागत नाही, फक्त वेळेवर कुणीतरी सांगायला लागतं. नंतर एक मावशी आल्या, वर्षभरापासून डायलिसिसवर असलेल्या. त्यांनी सरळ आपला हात पुढे केला आणि आम्हा सगळ्यांना शिरेवर बोट ठेवायला लावलं. मांजर मांडीवर घुरघुरतं ना, डिट्टो तसं! ही थरथर रोज सकाळी स्वतः तपासायची, थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. त्या हातात घट्ट बांगड्या नाहीत, त्या कुशीवर झोपायचं नाही, जड पिशवी अडकवायची नाही. मावशी हे सगळं रेसिपी सांगावी तशा सांगत होत्या. डॉक्टरांनी तासभर सांगून जे काकांच्या पचनी पडलं नव्हतं, ते मावशींच्या हाताने पाच मिनिटांत पडलं.

एक गैरसमज मात्र लगेच दूर करते. फिस्टुला केली म्हणजे दुसऱ्या दिवशी मशीनला जोडतात असं नाही. ती करून लोक काही महिने, कधी वर्षही काढतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ८२८ पेशंट्सवर झालेला एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ठरवून लवकर डायलिसिस सुरू केलेले आणि त्रास होईपर्यंत थांबलेले, दोघांच्या जगण्यात फरक दिसला नाही. म्हणजे घाई सुरू करण्याची नाही, तयार राहण्याची.

आता खाण्याचं. इथे आपली पुणेरी मंडळी कमाल करतात. आजारी माणूस म्हटला की शहाळं, मोसंबीचा रस, केळी! किडनीच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं असेल तर नेमक्या याच गोष्टी धोक्याच्या. त्याहून मोठा सापळा म्हणजे 'लो सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठ. सोडियम कमी करायला त्यात बरेचदा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. लेक कौतुकाने महागडं मीठ आणून देते आणि बाबा इमर्जन्सीत. साधंच मीठ, पण कमी. लोणचं-पापड जवळपास बंद. भाज्या चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या किंवा उकळून पाणी फेकून द्यायचं. अंगदुखीची गोळी परस्पर मेडिकलमधून आणायची नाही, आणि 'किडनी साफ करणारा' काढा कुणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी नाही.

मशीनचं डायलिसिस म्हणजे साधारण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आठवड्याचे तास १६८, त्यातले १२ मशीनचे. खऱ्या किडन्या सगळे १६८ तास ड्यूटीवर असतात, हे लक्षात घेतलं की पाणी मोजून का प्यायचं ते कळतं. एका वेळी जवळपास १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी मशीनमधून जातं, त्यामुळे सेंटर निवडताना नुसता एसी आणि टीव्ही पाहू नका. पाण्याच्या तपासण्या किती दिवसांनी होतात तेही बिनधास्त विचारा.

दुसरा पर्याय पोटाच्या डायलिसिसचा. पोटात कायमची एक नळी बसवतात, तिच्यातून द्रव भरायचा, काही तासांनी काढायचा. दिवसातून तीन-चार वेळा हाताने, किंवा रात्री झोपेत मशीन लावून. सेंटर दूर असलेल्या गावातल्या माणसासाठी किंवा नोकरी सांभाळणाऱ्यासाठी हे सोयीचं असू शकतं. फ्लॅटमध्ये खोक्यांची चळत ठेवायला जागा आणि हात धुण्याची कडक शिस्त मात्र पाहिजे. आपल्याकडे हा पर्याय आहे हेच अनेकांना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

खर्चाचं बोलायला हवंच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने योजनेचं कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, आयसीयूच्या दारात उभं राहून तहसील कचेरीला फोन करण्यात अर्थ नाही. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत आईबाबा असतील, तर डायलिसिस डे-केअरमध्ये धरतात का आणि को-पे किती, हे एचआरला आजच्या आज मेल करून विचारा.

आणि ट्रान्सप्लांट. तो शेवटचाच उपाय असतो असं नाही. दाता तयार असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीही करता येतो. १९९४ च्या कायद्यानुसार आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळचे नातेवाईक म्हणून किडनी देऊ शकतात. आपल्या देशात देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त, हे जाता जाता नोंदवते. घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव नोंदवायचं असतं. पुणे विभागाची यादी झेडटीसीसी सांभाळते आणि नोंदणी हॉस्पिटलमार्फत होते. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय रक्त चढवून घेऊ नका. परक्या रक्तामुळे शरीरात अँटीबॉडीज तयार झाल्या तर पुढे जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं.

डायलिसिसवर माणूस नुसता पडून असतो म्हणणाऱ्यांना मी जयप्रकाश नारायण यांची आठवण करून देते. आणीबाणीतल्या अटकेनंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये ते सुटले तेव्हा किडन्या निकामी झाल्या होत्या. मुंबईत जसलोकमध्ये उपचार सुरू झाले आणि १९७७ मध्ये इंदिरा गांधींना हरवणारी विरोधकांची मोट त्यांनी डायलिसिसवर असताना बांधली. अलीकडचं म्हणाल तर सुषमा स्वराज यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना स्वतः ट्वीट करून सांगितलं की मी डायलिसिसवर आहे. पुढच्याच महिन्यात त्यांचं ट्रान्सप्लांट झालं. आवाज खाली न नेता!

काही घरांत उत्तर वेगळंही असतं. ऐंशी पार केलेल्या, हृदयही थकलेल्या आजोबांना डायलिसिस नकोच असेल, तर औषधांनी त्रास कमी ठेवत राहण्याचा मार्ग आहे, आणि तोही डॉक्टरांच्या मदतीनेच चालायचा असतो. पण हे आजोबांना विचारून. दिवाणखान्यात ते पेपर वाचत असताना स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवून नाही.

राहिली हेपटायटिस बी ची लस. डायलिसिसच्या पेशंटला ती दुप्पट डोसने, बहुधा चार वेळा आणि सहा महिन्यांत पसरून देतात. किडनी जितकी खालावते तितका लसीचा परिणाम कमी होतो, म्हणून ती चौथ्या स्टेजमध्येच सुरू केलेली बरी. पुढच्या व्हिजिटला चिठ्ठीवर सगळ्यात वर हे लिहून न्या, आणि त्याखाली : फिस्टुलासाठी सर्जनला कधी भेटायचं?