अज्ञान नायक आणि सज्ञान बाप

कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांच्या आतल्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात. अठरावं सरलं की तो एका रात्रीत 'सज्ञान' होतो. माझ्या वेळी मी दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात नीट पाहिलं होतं. ज्ञान कुठून आत शिरलं ते काही दिसलं नाही. पुढे बी. कॉम.ला १८७२चा करार कायदा वाचला. त्यातलं एवढंच लक्षात राहिलं, की अज्ञानाशी केलेला करार हा करारच नव्हे. जबाबदारी म्हणून काही असेल ती सज्ञानांची. त्या भरवशावर मी बँकेत चिकटलो आणि संसारही थाटला.

हे सगळं आठवायचं कारण आमचे साडू. ते रविवारी जेवायला आले होते. भरीत व्हायचं होतं. आमचे चिरंजीव, वय वर्षे बारा, टीव्हीसमोर पालथे पडले होते. पडद्यावर एक टकलू मुलगा, कपाळावर निळा बाण, सहा पायांच्या उडत्या गव्यावर बसून चालला होता.

"हा कोण?" साडूंनी विचारलं.

"आंग. अवतार आहे तो. जग वाचवणारे."

"वय काय त्याचं?"

"बारा."

झालं! साडूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "बघा! म्हणून ही पोरं डोक्यावर बसतात. बारा वर्षांचं पोर जग वाचवतंय आणि मोठी माणसं काय भजी तळतायत? एवढाल्या पोरांच्या तोंडी एवढी अक्कल घालायची, एवढ्या जबाबदाऱ्या टाकायच्या, मग ती आपलं कशाला ऐकतील?"

साडूंशी मी सहसा वाद घालत नाही. ते थोरले जावई; सासुरवाडीत त्यांचं खातं माझ्या आधी उघडलेलं आहे. पण या बाबतीत त्यांचं म्हणणं मला मुळातच नामंजूर आहे, आणि भरीत खाताना ते सांगता आलं नाही म्हणून इथे सांगतो.

कार्टूनमधल्या पोरांवर फार जबाबदारी पडते ही तक्रारच खोटी आहे. बहुतेकांवर ती पडतच नाही. त्यांच्यावर पडतं ते फक्त काम. काम आणि जबाबदारी यांतला फरक कळायला कॅश काउंटरवर बसावं लागतं. दिवसभर नोटा मोजणं हे काम. संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले तर ते मुकाट्यानं स्वतःच्या खिशातून घालणं ही जबाबदारी. या हिशेबानं मी चिरंजीवांच्या शेजारी बसून काही वीरबालकांचं ऑडिट केलं आहे.

पहिला आपल्या घरचा. छोटा भीम, वय नऊ, मुक्काम ढोलकपूर. २००८ पासून तो हे गाव वाचवतो आहे. राजा इंद्रवर्मा सिंहासनावर बसतो, संकट आलं की भीमाला हाक मारतो. भीम लाडू खातो, शत्रूला लोळवतो, गाव टाळ्या वाजवतं. पोरगा गुणी आहे, आणि लाडवांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी पाहिलेल्या भागांत तरी भीमाच्या हातून काही बिघडलं, आणि ते निस्तरताना त्याची झोप उडाली, असं दिसलं नाही. १९३२च्या भागीदारी कायद्यात कलम तीस आहे. अज्ञान मुलाला पेढीच्या नफ्यात सामील करून घेता येतं, मात्र तोट्याला तो व्यक्तिशः जबाबदार नाही. ढोलकपूरचा सगळा कारभार या कलमाखाली चालतो.

दुसरा बेन टेन. २००५ सालचा, वय दहा. मनगटावर परग्रहावरचं घड्याळ. फिरवलं की पोराचा राक्षस होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोबांच्या गाडीतून फिरतो आणि वाटेतल्या बऱ्याच गोष्टी मोडतो. आजोबा समजावतात, पोरगा मान हलवतो, आणि पुढच्या भागात पाटी कोरी.

तिसरा पोकेमॉनचा ॲश. हा १९९७ साली दहा वर्षांचा होता म्हणून घराबाहेर पडला. २०२२ साली जगज्जेता झाला, तेव्हाही दहाच वर्षांचा! पुढच्याच वर्षी त्याला नायकपदावरून निवृत्त केलं. पंचवीस वर्षं नोकरी, शेवटी सर्वोच्च पद, आणि माणूस अजून प्रोबेशनवर. वय नाही, म्हणजे अनुभव अंगी लागण्याची भीतीही नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. फक्त त्या खात्यातली बाकी उणे जाता कामा नये. आपल्या वीरबालकांची खाती अशीच आहेत. रोज जमा, नावे काही नाही. साडू याला जबाबदारी म्हणतात. आमच्या बँकेत अशा खात्याला संशयास्पद म्हणतात.

आता तो टकलू आंग. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मालिका २००५ ते २००८ अशी चालली, एकूण भाग एकसष्ट. वायू, जल, पृथ्वी, अग्नी ही चार तत्त्वं (आपल्याकडे पाच, एक त्यांनी खर्चकपातीत कमी केलं असावं) ज्याला वश होतात तो अवतार. तू अवतार आहेस हे त्याला सोळाव्या वर्षी सांगायची रीत. पण युद्ध तोंडावर आलं म्हणून मठातल्या गुरूंनी आंगला बाराव्या वर्षीच सांगितलं. यावर पोरानं काय केलं? पळून गेला! वादळात सापडला, समुद्रात बुडाला, हिमनगात शंभर वर्षं गोठून राहिला. बाहेर येतो तर मागे त्याचा अख्खा मठ आणि सगळे लोक मारले गेलेले.

म्हणजे या नायकाचं खातंच मुळी ओव्हरड्राफ्टनं उघडलं आहे. पुढच्या सगळ्या भागांत तो खेळतो, दंगा करतो, बारा वर्षांचा पोर जसा असावा तसा असतो. पण ती बाकी पानोपानी पुढे ओढली जाते. अग्नी शिकायची घाई करतो आणि सोबतच्या कटाराचे हात भाजतो. पुन्हा आगीला शिवणार नाही, अशी शपथ घेतो. हे सोळाव्या भागात. तो पुन्हा आग शिकायला बसतो ते त्रेपन्नाव्या भागात, आणि तेव्हाही हात कापत असतात. सदतीस भाग एका चुकीची नोंद कुणी खोडली नाही! मी तर म्हणतो, ही मालिका लिहिणाऱ्यांत कुणीतरी हिशेबनीस असला पाहिजे.

साडू यावर म्हणाले असते, की अहो पण पोराला एवढं ओझं कशाला? मी त्यांना गोकुळात नेतो. गोवर्धन उचलणाऱ्या पोराला यशोदेनं लोण्याच्या चोरीबद्दल उखळाला बांधलं. देव असशील तुझ्या घरी, मडकं फुटलं ते फुटलं! पर्वताचं जमा पर्वताकडे, मडक्याचं नावे मडक्याकडे. आपल्या लोकांना हे केव्हाचं ठाऊक होतं.

मला ते १९९२ साली कळलं. मीही बाराच वर्षांचा होतो. वडिलांनी रॉकेल आणायला वीस रुपयांची नोट दिली. वाटेत गोट्यांचा डाव रंगला होता. डाव संपला तेव्हा डबा होता, नोट नव्हती. मी देवळामागे जाऊन बसलो. हिमनग नव्हता, म्हणून देऊळ. दिवेलागणीला भूक लागली तेव्हा घरी गेलो. वडिलांनी हात उगारला नाही. घरखर्चाची वही काढली आणि माझ्यादेखत लिहिलं : 'चिरंजीवांच्या नावे रु. २०.' रोज पहाटे दूध केंद्रावरून दूध मी आणायचं आणि त्याचे महिना दोन रुपये वळते व्हायचे. दहा महिने लागले. दहाव्या महिन्यात वडिलांनी त्या ओळीवर रेघ मारली आणि खाली माझी सही घेतली. माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. अठरावं वर्ष लागायला तेव्हा चांगली पाच वर्षं होती.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण ऑडिटरचंही ऑडिट होतं.

गेल्या महिन्यात चिरंजीवांच्या हातून मित्राचं विज्ञानाचं मॉडेल मोडलं. पुठ्ठ्याची पवनचक्की, त्या पोराची पंधरा दिवसांची मेहनत. चिरंजीवांनी कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयार होईनात. तेव्हा मी, वडिलांच्या वहीत सही केलेला माणूस, काय केलं? 'चिरंजीवास ताप असल्याने' अशी चिठ्ठी लिहून दिली. खाली सही. बँकेत एका पैशाचं खोटं व्हाउचर मी कधी केलेलं नाही.

त्या रविवारी साडू गेल्यावर पुढचा भाग लागला. त्यात मित्रांच्या वडिलांकडे जायचा नकाशा आंग लपवून ठेवतो, कारण मित्र आपल्याला सोडून जातील ही भीती. शेवटी स्वतःच सांगून टाकतो. मी चोरून बाजूला पाहिलं. चिरंजीव उशीत तोंड खुपसून बसले होते. मीही उशी शोधत होतो.

"बाबा," उशीतून आवाज आला, "तुम्ही येता बरोबर?"

"जिन्यापर्यंत," मी म्हणालो.

तो एकटा गेला. मी जिन्यात उभा राहून विजेच्या मीटरांचे आकडे वाचत होतो. ही दोनदा विचारून गेली, "अहो, काय करताय तिथे?" पाऊण तासानं स्वारी परतली. डोळे लाल, बोटांना डिंक, हातात डबा. पवनचक्की दोघांनी मिळून चिकटवली होती. अजून तिरकी फिरते म्हणे. आणि मित्राच्या आईनं लाडू दिले होते. म्हणजे शेवटी भीमच जिंकला!

चिरंजीवांची बाकी अशी फिटली. माझी मात्र अजून उचंत खात्यात पडून आहे. बाई परवा रस्त्यात भेटल्या तेव्हा काळजीनं म्हणाल्या, "ताप उतरला ना हो त्याचा?" मी खोकलो. शनिवारी पालकसभा आहे. काय बोलायचं ते चिरंजीवांनी मला दोनदा पाठ करून घेतलं आहे, आणि बरोबर येता का असं विचारल्यावर, फाटकापर्यंत येईन म्हणाले.

पळून जायचा विचार मनात येऊन गेला. पण आमच्या डोंबिवलीत हिमनग मिळत नाही.