सशाला मुलांचं अँटिबायोटिक सिरप देऊ नका!

गेल्या पावसाळ्यात एक ताई बुटांच्या खोक्यातून ससा घेऊन आल्या. सोबत तिसरीतली मुलगी. चार दिवसांपूर्वी सशाला शिंका येत होत्या आणि नाकातून पांढरट पाणी येत होतं. मुलीचा घसा दुखत होता तेव्हा आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रिजमध्ये उरलं होतं. लहान मुलांना चालतं, मग सशाला काय होणार, असा सरळ विचार करून रोज दोन वेळा अर्धा चमचा दिलं. शिंका कमी झाल्या. तिसऱ्या दिवशी सशाने गवत सोडलं, चौथ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब आणि अंग गार. मी सलाईन लावलं, ऊब दिली. संध्याकाळपर्यंत ससा गेला. मुलीने एवढंच विचारलं, "काका, औषध एक्स्पायर झालं होतं का?"

झालं नव्हतं. औषध उत्तम होतं, आणि त्याने जंतू मारण्याचं काम चोख केलं. फक्त ते काम सशाच्या पोटात व्हायला नको होतं.

सशाचं पोट आपल्यासारखं नाही, कुत्र्या-मांजरासारखंही नाही. गवत पचवायचं यंत्र त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असतं, सीकममध्ये, म्हणजे मराठीत अंधनालात. पचनमार्गातल्या एकूण ऐवजापैकी सुमारे 40 टक्के ऐवज या एका पिशवीत मावतो. तिथे कोट्यवधी जिवाणू गवत आंबवत असतात. त्यातून तयार झालेल्या मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, बहुतेक रात्री किंवा पहाटे. "डॉक्टर, हा घाण खातो हो," अशी तक्रार घेऊन निम्मे मालक येतात. ती घाण नाही, त्याची जीवनसत्त्वं आणि प्रथिनं आहेत. आणि औषधाचा जो भाग या लेंड्यांतून बाहेर पडतो, तोही पुन्हा पोटात जातो.

आता तोंडाने अमॉक्सिसिलिन दिलं की त्याचा काही भाग रक्तात शोषला जातो, उरलेला तसाच सीकमपर्यंत पोचतो. तिथले उपयोगी जिवाणू मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्मे नावाचा जंतू वाढतो. तो विष सोडतो. जुलाब त्या विषाचे असतात. औषध बंद केल्यावर काही दिवसांनीही हे होऊ शकतं, म्हणून "दोनच डोस दिले होते" यात दिलासा मानू नका. शिवाय सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकून दिलेलं बाहेर काढायचा तोही मार्ग बंद.

गंमत बघा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1929 साली पेनिसिलिनवरचा पहिला लेख छापला, त्यात ते विषारी नाही हे दाखवायला त्यांनी ते सशाच्या शिरेत टोचून पाहिलं होतं. सशाला काही झालं नाही. आजही पेनिसिलिनची काही इंजेक्शनं आम्ही सशांना देतो, कारण त्वचेखाली दिलेलं औषध आतड्यात फारसं पोचत नाही. धोका कमी होतो, शून्य होत नाही, म्हणून तेही घरी करायचं काम नाही. तोंडाने मात्र अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, सेफॅलेक्सिनसारखी औषधं आणि एरिथ्रोमायसिन नकोच. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन तर कोणत्याच मार्गाने नको.

मग काय द्यायचं? एन्रोफ्लॉक्सासिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, काही आजारांत मेट्रोनिडॅझोल. ही सीकममधल्या वस्तीला बरीच सांभाळून घेतात. पण इथे दुसरी चूक सुरू होते, डोसाची.

ससा लहान, म्हणून औषध थोडंसं, असा हिशेब बहुतेक लोक करतात. तो चुकीचा आहे. लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर बाहेर टाकतं, त्यामुळे किलोमागे डोस अनेकदा मोठ्या प्राण्यापेक्षा जास्त लागतो. त्यात तोंडाने दिलेल्या एन्रोफ्लॉक्सासिनपैकी साधारण 60 टक्केच सशाच्या रक्तात पोचतं. ते कॅल्शियमला चिकटतं, म्हणून कॅल्शियमच्या थेंबांसोबत दिलं तर आणखी कमी.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच होते. समजा ससा दीड किलोचा आहे आणि डॉक्टरांनी किलोला 10 मिलिग्रॅम सांगितलं. म्हणजे 15 मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या द्रावणात हे 0.6 मिलिलीटर होतात. कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या दहा टक्क्यांच्या द्रावणात ते फक्त 0.15 मिलिलीटर. दुकानदाराने ही बाटली दिली आणि तुम्ही 0.6 काढलं, की चौपट डोस गेला. शिवाय ते द्रावण कडू आणि दाहक असतं, पातळ न करता दिलं तर तोंड पोळतं. ससेपालनाच्या शेडमध्ये ते सरसकट पिण्याच्या पाण्यात टाकतात, तेही मला पटत नाही. कडू पाणी ससा कमी पितो, आजारी ससा त्याहून कमी, म्हणजे ज्याला औषध हवं त्यालाच ते मिळत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की सशाचं वजन न करता लिहिलेली चिठ्ठी घेऊच नका, माझी असली तरी. आम्हा डॉक्टरांचं शिक्षण गाई-म्हशींभोवती झालेलं, सशावर मोजके तास. न माहीत असलेलं माहीत आहे असं दाखवण्याचा मोह आम्हालाही होतो. "तोंडाने देताय ते सशाला चालतं ना?" हा प्रश्न तुम्ही विचारलात तर चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. औषधांच्या दुकानदारांबद्दल काय बोलावं! अमॉक्सिसिलिन शेड्युल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण मागितलं की मिळतं. आणि जो दुकानदार तीनशे-चारशे रुपयांना सशाची जोडी विकतो, त्याने एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत आहे?

दह्याबद्दल विचारणारे फोन रोज येतात. अँटिबायोटिकसोबत दही, हे आपल्या घराघरात मुरलंय. सशाच्या सीकममधली वस्ती दह्यातल्या जिवाणूंची नाही, शिवाय दह्यातलं कॅल्शियम औषधालाच अडकवतं. दही नको. भरपूर वाळलेलं गवत समोर ठेवा. औषध सुई नसलेल्या सिरिंजने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून, बाजूने, हळूहळू द्या. उताणं करून देऊ नका, फुप्फुसात जातं.

सशाने 12 तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर सकाळची वाट पाहू नका. येताना खोक्यात थोडं त्याचं गवत टाका, आणि आधी काय दिलं असेल ती बाटली सोबत आणा. मी रागावत नाही, मला फक्त लेबल वाचायचं असतं.